मुळावरची साय: दुधाच्या आणि पक्क्या दातांच्या लिगामेंटमधून मूलपेशी वाढवताना

मे महिना लागला की माझा फोन वाजू लागतो. पलीकडे एमडीएसच्या (दंतवैद्यकातल्या पदव्युत्तर शिक्षणाच्या) दुसऱ्या वर्षाचा किंवा बायोटेकचा कोणीतरी विद्यार्थी असतो आणि वाक्य ठरलेलं: "सर, चार दात लावले होते, चारही फ्लास्क गेले." म्हणजे दाताच्या मुळावरून काढलेल्या मूलपेशी (स्टेम सेल) कल्चरच्या बाटलीत, फ्लास्कमध्ये, वाढल्याच नाहीत. मी आधी एकच विचारतो. दात तोंडातून निघाल्यापासून ट्यूबमध्ये पडेपर्यंत किती वेळ गेला? उत्तर येतं, "लगेच टाकला." खोदून विचारलं की कळतं, सिस्टरने तो गॉझवर ठेवला, डॉक्टरांनी जखम दाबून धरली, आईला औषधं समजावली, मग ट्यूबची शोधाशोध झाली. झाली वीस-पंचवीस मिनिटं.

दात कडक असतो, म्हणून आपण त्याला खड्यासारखं वागवतो. आपला नमुना मात्र त्याच्या मुळाला साईसारखा चिकटलेला पेरिओडॉन्टल लिगामेंटचा (दाताला जबड्याच्या हाडाशी बांधणाऱ्या धाग्यांचा) थर असतो आणि त्याची जाडी साधारण ०.२ मिलिमीटर. अपघातात निखळून पडलेला दात अर्धा तास कोरडा राहिला की मुळावरच्या बहुतेक पेशी मरतात, हे प्रत्येक दंतवैद्याला पाठ असतं. तेच डॉक्टर संशोधनासाठी काढलेला दात मात्र ट्रेमध्ये वाळत ठेवतात.

खालची पद्धत प्रयोगशाळेतल्या संशोधनापुरती आहे. तुमच्याकडे बायोसेफ्टी कॅबिनेट, सीओटू इन्क्युबेटर, सेंट्रिफ्यूज आणि इन्व्हर्टेड मायक्रोस्कोप आहे असं धरून चाललो आहे. पल्पमधल्या (दाताच्या आतल्या मऊ गाभ्यातल्या) पेशींचा उल्लेख येईल, पण जिथे त्या आपल्या कल्चरमध्ये घुसतात तेवढ्यापुरताच.

१. आधी कागद

"दात तर फेकायचाच होता, मग परवानगी कशाला?" हा प्रश्न दरवर्षी येतो. दात फेकण्यासाठी रुग्णाने संमती दिली म्हणजे त्याच्या पेशी वाढवायला, गोठवायला आणि त्यावर प्रबंध लिहायला दिली असं होत नाही. संस्थेच्या एथिक्स कमिटीची मंजुरी लागते. आयसीएमआर आणि जैवतंत्रज्ञान विभागाच्या २०१७ च्या राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे स्टेम सेलच्या कामाला संस्थेची वेगळी स्टेम सेल संशोधन समितीही लागते. तुमच्या कॉलेजात अशी समिती नसेल तर ते पहिल्या वर्षीच, नाशिकला आरोग्य विद्यापीठाकडे सिनॉप्सिस (प्रबंधाचा आराखडा) पाठवण्याआधी शोधून काढा.

दुधाचे दात म्हणजे रुग्ण लहान मूल. आई-वडिलांची लेखी संमती हवीच. त्याशिवाय सात वर्षांवरच्या मुलाची तोंडी आणि बारा वर्षांवरच्या मुलाची लेखी संमती घ्यावी लागते. फॉर्म मराठीत आणि हिंदीत, दोन्ही ठेवा. नागपुरात दोन्ही लागतात. ट्यूबवर मुलाचं नाव टाकू नका. त्यावर फक्त कोड लिहा आणि कोडची वही कुलपात ठेवा.

सावधान: दात काढून झाल्यावर मागाहून घेतलेली सही ही संमती नव्हे. असा नमुना टाकून द्या, कितीही चांगला असला तरी.

पालक हमखास विचारतात, "हा दात बँकेत ठेवता येतो ना हो?" त्याच २०१७ च्या तत्त्वांनुसार आपल्याकडे व्यावसायिक बँकिंगची मुभा फक्त नाळेच्या रक्तापुरती आहे, दात त्यात येत नाही. एवढं सांगा आणि पुढचा पेशंट घ्या.

२. कोणता दात

इथेच निम्मी लढाई हरली जाते, विशेषतः दुधाच्या दातांत.

आपोआप पडलेला दुधाचा दात या कामाला जवळजवळ निरुपयोगी. त्याचं मूळ झिजून गेलेलं असतं, म्हणजे ज्यावर लिगामेंट असायचं ते खोडच नाही. त्या दातातून पल्पच्या पेशी मिळू शकतात. लिगामेंटच्या म्हणून त्या खपवू नका. आपल्याला हवा तो वेळेवर न पडलेला, किमान दोन तृतीयांश मूळ शाबूत असलेला आणि दंतवैद्याने स्वतःच्या कारणासाठी काढायचं ठरवलेला दात. नमुन्यासाठी दात काढायचा नाही, नमुन्यासाठी तो लवकरही काढायचा नाही.

मूळ कुठल्या बाजूने झिजतं ते एक्स-रेवर आधीच बघून ठेवा. पुढचे पक्के दात दुधाच्या दातांच्या मागून, जिभेच्या बाजूने येतात, त्यामुळे झीज जिभेच्या बाजूला सुरू होते. अशा दाताचं लिगामेंट ओठाच्या बाजूने घ्यायचं. दुधाच्या दाढेत उलट. तिच्या मुळांच्या बेचक्यात पक्की उपदाढ बसलेली असते, म्हणून मुळांच्या आतल्या बाजू झिजतात. खरवडायच्या त्या बाहेरच्या. झिजलेल्या जागी लिगामेंट नसतं, झीज करणाऱ्या पेशी आणि लालसर मऊ ऊती असते. ती फ्लास्कमध्ये गेली की काय वाढतंय ते तुम्हालाही सांगता येणार नाही.

पक्क्या दातांत तारा लावण्यासाठी काढलेली उपदाढ सर्वांत सोयीची. अक्कलदाढ चालते, पण ती हाडात अडकलेली असेल तर बर (दाताचं ड्रिल) चालवताना मूळ तापतं आणि कापलं जातं. मूळ पूर्ण बनलेलं नसेल तर टोकाशी एपिकल पॅपिला (वाढत्या मुळाचा मऊ गोळा) लोंबत असतो. तो आधी चिमट्याने अलगद वेगळा करा, कारण त्यातल्या मूलपेशी वेगळ्या जातीच्या आहेत.

दुधाच्या आणि पक्क्या दातांची तुलना करायची असेल तर एकच मागणं आहे: शक्यतो एकाच मुलाचे दोन्ही दात घ्या. सिरियल एक्स्ट्रॅक्शनच्या (दाटी टाळायला टप्प्याटप्प्याने दात काढण्याच्या) मुलांमध्ये हे जमतं. आठ वर्षांच्या मुलाचा सुळा आणि पंचवीस वर्षांच्या तरुणाची अक्कलदाढ शेजारी ठेवली की फरक दाताचा की वयाचा, हे परीक्षक विचारणारच.

घेऊ नका: पल्पपर्यंत कीड गेलेला, मुळाशी पू असलेला, हिरड्यांच्या आजाराने हलणारा, रूट कॅनाल झालेला दात.

३. आदल्या दिवशीची तयारी

दात उद्या सकाळी येणार असेल तर आज संध्याकाळी एवढं तयार हवं.

नेण्याच्या ट्यूब. ५० मिलिलिटरच्या निर्जंतुक ट्यूबमध्ये ३० ते ४० मिलिलिटर पीबीएस किंवा हँक्स (दोन्ही पेशींना मानवणारी क्षारांची द्रावणं). १५ च्या ट्यूबमध्ये दाढ जाते खरी, पण बाहेर काढताना मूळ कडेला घासतं आणि साय तिथेच राहते. बाजारात मिळणारं १०० एक्स अँटिबायोटिक-अँटिमायकोटिक दुप्पट मात्रेत घाला, म्हणजे १०० मिलिलिटरला २ मिलिलिटर. नेहमीचं कल्चर मीडियम (पेशी वाढवण्याचं पोषक द्रावण) ट्यूबमध्ये नको. ते बायकार्बोनेटवर चालतं, इन्क्युबेटरबाहेर हळूहळू अल्कधर्मी होत जातं आणि लॅबमध्ये पोचेपर्यंत गुलाबी-जांभळं झालेलं असतं. मीडियमच वापरायचं असेल तर हेपीस (पीएच स्थिर ठेवणारा बफर) घातलेलं घ्या.

वाढीचं मीडियम. अल्फा-एमईएम, १५ टक्के एफबीएस (गाईच्या भ्रूणाच्या रक्ताचं सिरम), २ मिलिमोलर एल-ग्लुटामिन, १०० मायक्रोमोलर एल-अस्कॉर्बिक अ‍ॅसिड २-फॉस्फेट, पेनिसिलिन १०० युनिट आणि स्ट्रेप्टोमायसिन १०० मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर. सिरमचा एकच लॉट पूर्ण अभ्यासाला पुरेल एवढा राखून ठेवा. लॉट बदलला की वाढीचा वेग बदलतो आणि तो फरक दात दाखवतोय असं वाटून बसतं.

एन्झाइम. कोलॅजनेज टाइप १, ३ मिलिग्रॅम प्रति मिलिलिटर आणि डिस्पेज ४ मिलिग्रॅम प्रति मिलिलिटर. हे आकडे शेवटच्या मिश्रणातले आहेत. माझ्याकडे आलेल्या किमान तीन जणांनी ३ आणि ४ चे वेगवेगळे स्टॉक करून ते समान मापात एकत्र केले होते, म्हणजे दोन्ही निम्मे झाले. समान माप मिसळायचं तर स्टॉक ६ आणि ८ चे करा. विरघळवायला सिरम नसलेलं मीडियम घ्या, ०.२२ मायक्रॉन फिल्टरमधून गाळा, छोट्या भागांत उणे २० ला ठेवा. दोन्ही एन्झाइमना कॅल्शियम लागतं, त्यामुळे ईडीटीए (कॅल्शियम धरून ठेवणारं रसायन) असलेलं कुठलंच द्रावण या टप्प्याजवळ फिरकू देऊ नका.

तपासा: ट्यूब भरताना एक जास्तीची भरा. ती दाताच्या ट्यूबबरोबर दवाखान्यात जाऊन परत येईल, पण तिच्यात दात पडणार नाही. परत आल्यावर तिच्यातलं थोडं द्रावण अँटिबायोटिक नसलेल्या मीडियममध्ये घालून दोन दिवस ३७ अंशांवर ठेवा. ते गढूळ झालं तर दोष दाताचा नाही, तुमच्या हाताचा.

४. खुर्चीवर

दात काढणारे डॉक्टर तुम्ही नसाल तर आदल्या दिवशी त्यांना भेटा. फोनवर सांगू नका, भेटा. शक्य असेल तर स्वतः उघडी ट्यूब घेऊन खुर्चीशेजारी उभे राहा.

दातावर दगड असेल तर स्केलिंग काही दिवस आधी करून घ्यावं. दात काढण्याआधी ०.२ टक्के क्लोरहेक्सिडिनची चूळ एक मिनिट. ही चूळ तोंडासाठी. निघालेला दात क्लोरहेक्सिडिनमध्ये किंवा बेटाडिनमध्ये बुडवला की जंतूंबरोबर पेशीही जातात. हे सांगूनही एका दवाखान्यातला मदतनीस दर वेळी प्रेमाने दात बेटाडिनमध्ये खळबळून द्यायचा. त्याचं म्हणणं एकच, "काहून सर, स्वच्छच तर करून देतो ना!"

भुलीचं इंजेक्शन थेट लिगामेंटमध्ये देऊ नये अशी विनंती करा. फोरसेपची (दात काढायच्या चिमट्याची) पकड शक्य तेवढी मुकुटावर (दाताच्या हिरडीबाहेर दिसणाऱ्या भागावर) राहावी. मुळाच्या वरच्या भागावर ती बसतेच, म्हणून तो भाग आपण पुढे सोडून देणार आहोत. निघालेला दात मुकुटाने धरायचा. गॉझने पुसायचा नाही, नळाखाली धुवायचा नाही. रक्त लागलेला तसाच ट्यूबमध्ये. नळाच्या पाण्यात पेशी फुगून फुटतात.

सावधान: तोंडातून ट्यूबपर्यंत एक मिनिट. पाच मिनिटं झाली तर वहीत नोंद करा. पंधरा झाली तर तो नमुना तुलनेत घेऊ नका.

ट्यूबवर कोड, दाताचा क्रमांक, वेळ. वेळ म्हणजे घड्याळातली, "सकाळी" नव्हे.

५. नागपूरच्या रस्त्यावरून

आता मे महिन्याची गोष्ट. शाळांना सुट्ट्या, म्हणून मुलांचे दात काढण्याच्या अपॉइंटमेंट याच दिवसांत येतात आणि बाहेर पारा ४५ च्या पुढे. धंतोली-रामदासपेठेतल्या दवाखान्यातून हिंगणा रोडच्या एखाद्या लॅबपर्यंत दुपारी बाराला ट्यूब स्कूटीच्या डिक्कीत टाकून नेली, तर डिक्की म्हणजे भट्टीच. पेशी शिजतात.

याचा धसका घेतलेले विद्यार्थी मग दुसरं टोक गाठतात. फ्रीझरमधून काढलेल्या कडक आईस पॅकला ट्यूब चिकटवून ठेवतात. भिंतीलगतचं द्रावण गोठतं, बर्फाचे स्फटिक पेशी फोडतात आणि बाहेरून सगळं छान दिसतं.

लसीकरणाला जाणाऱ्या एएनएम ताईंना विचारा, त्यांना हे पक्कं ठाऊक असतं. आईस पॅक बाहेर काढून त्याला घाम सुटेपर्यंत थांबायचं. कानाशी हलवून पाहायचा, आत पाणी खळखळलं की तो वापरायला तयार. लसीचा कॅरियर किंवा थर्माकोलची जाड पेटी, कडेने असे पॅक, मध्ये ट्यूब आणि दोन्हींमध्ये जाड पंचा दुमडून. सोबत कमाल-किमान दाखवणारा थर्मामीटर. हवं ते तापमान २ ते ८ अंश.

चार तासांत लॅबमध्ये काम सुरू करा. कधी अडलंच तर रात्रभर ४ अंशांवर ठेवून दुसऱ्या दिवशी लावलेल्या दातांतूनही पेशी आल्या आहेत, पण कमी आणि उशिरा. त्यामुळे शनिवारी दुपारचा दात घेऊच नका. रविवारी लॅब बंद असते, हे दात काढून झाल्यावर आठवतं.

तपासा: पेटी उघडल्यावर आधी थर्मामीटरचे दोन्ही आकडे लिहा. किमान शून्याखाली किंवा कमाल २५ च्या वर गेली असेल तर पुढचे तीन आठवडे वाया घालवू नका.

६. धुणं

इथून पुढे सगळं कॅबिनेटमध्ये, हातमोजे घालून. रक्त-लाळ असलेला नमुना आहे. हिपॅटायटिस बी ची लस घेतली नसेल तर आधी ती घ्या.

दात निर्जंतुक चिमट्याने मुकुटाला धरून दुप्पट अँटिबायोटिकच्या पीबीएसमध्ये पाच वेळा, प्रत्येकी पाच मिनिटं. दर वेळी नवी डिश. एकाच डिशमध्ये द्रावण बदलत राहिलात तर काठाला चिकटलेली घाण तशीच राहते. प्लाकचा थर मुकुटावर आणि मानेजवळ असतो, म्हणून पहिल्या धुण्यानंतर मी मूळ वर धरून फक्त मुकुट ७० टक्के अल्कोहोलच्या पिळलेल्या गॉझने पुसतो. ओघळ मुळावर जाता कामा नये. हात थरथरत असेल तर ही पायरी सोडा.

७. खरवडणं

संपूर्ण कामात हाताचं कसब इथे लागतं आणि घाईही इथेच होते.

मुळाचे मनात तीन भाग करा. वरचा भाग सोडा. तिथे हिरडीचे तुकडे असतात आणि फोरसेपने चेंगरलेली ऊती. खालचा भाग सोडा. टोकातून पल्प डोकावतो. फक्त मधला तिसरा भाग आपला. हिरडीचे फायब्रोब्लास्ट (जोडऊतीच्या साध्या पेशी) झपाट्याने वाढतात आणि दिसायला अगदी आपल्या पेशींसारखेच असतात. एकदा शिरले की मायक्रोस्कोपखाली कोणी वेगळे काढू शकत नाही.

वर आणि खाली नव्या १५ नंबर ब्लेडने मुळाभोवती हलकी रेघ मारा आणि त्या सीमांबाहेरची ऊती आधी काढून टाका. मग ब्लेड बदला. हे ब्लेड बदलणं लोक विसरतात आणि जे काढून टाकलं तेच पुन्हा आत नेतात.

दात डिशमध्ये थोड्या थंड पीबीएसवर धरा आणि एकाच दिशेने, वरून खाली, हलक्या हाताने खरवडा. पांढुरके, ओले धागे निघाले पाहिजेत. पात्याखाली कर्रकर्र आवाज आला किंवा पिवळट भुकटी दिसू लागली तर तुम्ही सिमेंटमवर (मुळाच्या कठीण आवरणावर) पोचलात, थांबा. दर अर्ध्या मिनिटाला मुळावर पीबीएसचा थेंब. कॅबिनेटचा वारा सतत वाहत असतो आणि उन्हाळ्यात आपल्याकडची हवा मुळातच कोरडी. एक बाजू खरवडेपर्यंत दुसरी वाळते.

एका उपदाढेतून निघणारा ऐवज सगळा मिळून तांदळाच्या कणीएवढाही नसतो. पहिल्यांदा करणाऱ्याला वाटतं काहीच मिळालं नाही, आणि मग तो मोह होऊन मानेजवळ, टोकाजवळ पातं फिरवतो. नका फिरवू. कणी पुरते.

दहा मिनिटांत संपवा. उरलेला दात पिवळ्या पिशवीत, ब्लेड पांढऱ्या, भोक न पडणाऱ्या डब्यात. आधी भरलेल्या दातात चांदी (म्हणजे पारा मिसळलेलं अमाल्गम) असेल तर तो जाळायला पाठवू नका, पारा हवेत जातो. दात वेगळा ठेवून कचरा व्यवस्थापकाला सांगा.

८. एन्झाइम की तुकडे?

दोन्ही पद्धती चालतात. माझं मत विचाराल तर कॉलनी मोजायच्या असतील तर एन्झाइम, कारण त्यासाठी सुट्या पेशी लागतात. दुधाच्या दाताची अगदीच चिमूटभर ऊती असेल तर तुकडे. फक्त एका अभ्यासात एकच पद्धत. दुधाचे दात तुकड्यांनी आणि पक्के एन्झाइमने असं केलंत तर तुलना संपली.

एन्झाइमने: धागे बारीक चिरा, २ मिलिलिटर एन्झाइम मिश्रणात ३७ अंशांवर एक तास, दर दहा मिनिटांनी हलवा. त्यात सिरम नको, ते एन्झाइमला मंद करतं. तासाने भरपूर सिरमचं मीडियम घालून थांबवा, ७० मायक्रॉनच्या गाळणीतून गाळा आणि सेंट्रिफ्यूजमध्ये ३०० जी ला (गुरुत्वाकर्षणाच्या ३०० पट जोराने) पाच मिनिटं फिरवा. आरपीएमचा आकडा दुसऱ्याच्या प्रबंधातून उचलू नका. रोटरची त्रिज्या १० सेंटिमीटर असेल तर ३०० जी म्हणजे साधारण १६४०, १६ सेंटिमीटर असेल तर १३०० च्या आसपास. तळाशी गोळी डोळ्यांना दिसणारच नाही. ट्यूब तिरपी धरून वरचं द्रावण पिपेटने काढा, शेवटचं अर्धं मिलिलिटर राहू द्या. ट्यूब उपडी करून झटकणारे महाभाग मी पाहिले आहेत.

सगळ्या पेशी एका टी-२५ फ्लास्कमध्ये (तळ २५ चौरस सेंटिमीटर), किंवा फारच कमी असतील तर ३५ मिलिमीटरच्या एका डिशमध्ये लावा.

तुकड्यांनी: एक मिलिमीटरचे तुकडे कोरड्या कल्चर डिशवर ठेवा, प्रत्येकावर मीडियमचा एक थेंब, मग एक-दोन तास इन्क्युबेटरमध्ये. ते तळाला चिकटले की कडेने अगदी सावकाश मीडियम सोडा, तुकडे जेमतेम बुडतील एवढंच. एकदम पाच मिलिलिटर ओतलंत की तुकडे तरंगू लागतात, आणि तरंगणाऱ्या तुकड्यातून पेशी कुठे उतरणार?

९. पहिला आठवडा: हात आवरा

३७ अंश, ५ टक्के सीओटू. पहिले ७२ तास फ्लास्क हलवायचा नाही. रोज काढून बघणं हा आजार आहे. हलवण्याने चिकटू पाहणाऱ्या पेशी सुटतात. ढगाळपणा आला का हे फ्लास्क न उचलता, इन्क्युबेटरच्या काचेच्या आतल्या दारातून दिसतं. तीन दिवसांनी तरंगणारा मळ आणि रक्तपेशी काढून निम्मं मीडियम बदला, मग दर दोन-तीन दिवसांनी पूर्ण.

लांबट, चातीच्या आकाराच्या पेशींच्या छोट्या वसाहती पाचव्या ते दहाव्या दिवसाच्या दरम्यान दिसतात. तुकड्यांना दोन आठवडेही लागतात. दुधाच्या दातांच्या पेशी सहसा वेगाने वाढतात, म्हणून पक्क्यांचा फ्लास्क मागे पडला तर लगेच टाकून देऊ नका. फरशीसारख्या बहुकोनी पेशींचे पुंजके दिसले तर त्या मुळाभोवती राहिलेल्या एपिथेलियमच्या (आवरण-ऊतीच्या). पॅसेजच्या वेळी (पेशी ट्रिप्सिन या एन्झाइमने सोडवून नव्या फ्लास्कमध्ये लावताना) लांबट पेशी आधी सुटतात. त्या सुटताच उचला, बहुकोनी चिकटलेल्या राहू द्या.

आता बुरशी. एका उन्हाळ्यात आमचे ओळीने सगळे फ्लास्क तिसऱ्या-चौथ्या दिवशी पांढऱ्या धाग्यांनी भरत होते. मीडियम बदललं, सिरम बदललं, विद्यार्थ्यांना बोल लावले. शेवटी लक्षात आलं की कल्चर रूमच्या शेजारच्या खोलीत खसच्या ताट्यांचा कूलर लावला होता आणि मधल्या दाराखालून तो ओला वारा थेट आमच्याकडे येत होता. सुगंध छान यायचा, त्यामुळे कोणी तक्रारही केली नाही! भिजलेलं खस किंवा लाकडाचा भुसा म्हणजे बुरशीचं शेतच. कल्चर रूमला आणि तिच्या शेजारच्या खोलीला कूलर नको, एसीच हवा. आणि कूलरची टाकी साफ करून आलेल्या माणसाने त्या दिवशी फ्लास्कला हात लावायचा नाही.

वीज जाते. इन्क्युबेटर यूपीएसवर आहे का, आणि तो यूपीएस खरंच किती मिनिटं तग धरतो, हे प्लग काढून एकदा मोजा. वीज गेल्यावर दार उघडून बघू नका. बंद दाराआड तापमान हळू उतरतं. इन्क्युबेटरच्या ट्रेमध्ये निर्जंतुक डिस्टिल्ड पाणी, दर आठवड्याला बदलून.

तपासा: अँटिबायोटिक घातलं म्हणून मायकोप्लाझ्मा (कल्चरमध्ये लपून वाढणारा अतिसूक्ष्म जीवाणू) नाही अशी खात्री होत नाही. त्याला पेशीभित्तिका नसते, त्यामुळे पेनिसिलिन त्याचं काही बिघडवत नाही, आणि तो साध्या मायक्रोस्कोपखाली दिसतही नाही. गोठवण्याआधी पीसीआर किंवा हेक्स्ट रंगाने एकदा तपासणी कराच.

१०. पॅसेज

वसाहती ७० ते ८० टक्के पसरल्या की पॅसेज. शंभर टक्क्यांची वाट पाहू नका. दाटीत पेशी आपसूक रूप बदलू लागतात. आधी पीबीएसने दोनदा धुवा. मीडियमचा थेंब राहिला तर त्यातलं सिरम ट्रिप्सिनला निकामी करतं, आणि मग विद्यार्थी म्हणतो ट्रिप्सिन जुनं झालं. ०.२५ टक्के ट्रिप्सिन-ईडीटीए, ३ ते ५ मिनिटं, दर मिनिटाला मायक्रोस्कोपखाली नजर. पेशी गोल झाल्या की थांबवा.

ट्रायपन ब्ल्यूने (मेलेल्या पेशी निळ्या करणाऱ्या रंगाने) मोजा. हिमोसायटोमीटरच्या (पेशी मोजायच्या काचेच्या) मोठ्या चौकोनांतल्या पेशींची सरासरी गुणिले डायल्युशन गुणिले १०,०००. समान मापात रंग मिसळल्यामुळे आलेले दोनपट विसरले जातात आणि सगळे आकडे निम्मे होतात.

प्रयोग तिसऱ्या ते पाचव्या पॅसेजमध्ये उरका. दुधाचा आणि पक्का, दोन्ही एकाच पॅसेजचे असले पाहिजेत.

११. ओळख पटवणं

चिकटल्या आणि लांबट दिसल्या म्हणून मूलपेशी झाल्या नाहीत, फायब्रोब्लास्टही तसेच. आंतरराष्ट्रीय पेशी उपचार संघटनेचे २००६ चे निकष लावा: प्लास्टिकला चिकटणं, पेशीच्या पृष्ठभागावरच्या ओळखखुणांपैकी सीडी ७३, सीडी ९०, सीडी १०५ किमान ९५ टक्के पेशींवर, सीडी ३४, सीडी ४५, सीडी १४, सीडी १९ आणि एचएलए-डीआर जास्तीत जास्त २ टक्क्यांवर, आणि हाड, चरबी, कूर्चा या तिन्ही दिशांना रूपांतर. सीडी १४६ जोडलंत तर बरं.

हाडासाठी डेक्सामेथासोन, अस्कॉर्बेट आणि १० मिलिमोलर बीटा-ग्लिसरोफॉस्फेट, तीन ते चार आठवडे, मग अ‍ॅलिझरिन रेड (कॅल्शियमला लाल रंगवणारा). या रंगाचा पीएच ४.१ ते ४.३ मध्ये नसला की सगळीच प्लेट लाल दिसते, किंवा काहीच दिसत नाही. चरबीचे थेंब ऑइल रेड ओ ने, कूर्चा अल्सियन ब्ल्यूने. प्रत्येक प्लेटला रूपांतराचं औषध न घातलेली जोडीदार प्लेट हवी, त्याच दिवशी रंगवलेली. ही जोडीदार प्लेट नाही म्हणून परत आलेले प्रबंध मला माहीत आहेत.

चौथ्या आठवड्यात खनिजाचा थर जड होऊन चादरीसारखा सुटून येतो. मीडियम बदलताना पिपेट भिंतीला टेकवून हळू सोडा, नाहीतर महिनाभराचं काम सिंकमध्ये जातं.

१२. गोठवणं आणि लगेच एक वितळवणं

पहिल्या-दुसऱ्या पॅसेजच्या पेशी राखून ठेवा. ९० टक्के एफबीएस, १० टक्के डीएमएसओ (गोठताना पेशींना बर्फापासून वाचवणारं द्रव), एका व्हायलमध्ये दहा लाख पेशी. खोलीच्या तापमानाला डीएमएसओ पेशींना बाधतं, म्हणून मिश्रण थंड असावं आणि घातल्यापासून फ्रीझरमध्ये जाईपर्यंत दहा मिनिटांच्या वर जाऊ नये. आयसोप्रोपेनॉलच्या डब्यात ठेवून उणे ८० ला रात्रभर, म्हणजे मिनिटाला साधारण एक अंश असं तापमान उतरतं. दुसऱ्या दिवशी द्रव नायट्रोजनमध्ये. आयसोप्रोपेनॉल पाच वेळा वापरलं की बदला.

व्हायलवर कोड, दुधाचा की पक्का, पॅसेज, तारीख. साध्या मार्करची शाई अल्कोहोलने पुसली जाते. क्रायो-लेबल किंवा अल्कोहोलला टिकणारा मार्कर घ्या, आणि तीच नोंद वहीत हाताने, टाकीतल्या रॅकच्या आणि खणाच्या क्रमांकासह. टाकीत नायट्रोजनची पातळी दर आठवड्याला पट्टीने मोजायची कोणी, त्याचं नाव भिंतीवर लावा. सुट्टीवर गेल्यावर कोण, तेही.

आठवड्याने प्रत्येक दाताची एक व्हायल वितळवून बघा. ३७ अंशांच्या पाण्यात, बर्फाचा लहानसा खडा उरेपर्यंतच. मग कोमट मीडियम थेंबथेंब. ट्रायपन ब्ल्यूने मोजा आणि दुसऱ्या दिवशी किती चिकटल्या ते पाहा. निम्म्याहून जास्त मेलेल्या दिसल्या तर पुन्हा गोठवा, आणि ते जमेपर्यंत चालू फ्लास्क टाकू नका.